कमलम्मांनी मागे घेतलेला अर्ज

लातुरात त्या उन्हाळ्यात नळ कोरडेठाक होते आणि टँकर आला की अख्खी गल्ली धावायची. अशाच एका धावपळीत महादेवीनं घागर डोक्यावर घ्यायला हात उचलला, पोलक्याची बाही सरकली आणि तिच्या सासूला, कमलम्मांना, दंडावरचे काळेनिळे वळ दिसले. डाळमिलमध्ये तूर निवडण्यात जन्म गेलेल्या बाईच्या नजरेतून खडा सुटत नाही, तर वळ कुठून सुटणार?

"सिद्ध्यानं?" त्यांनी आपल्या लेकाचं नाव घेतलं. महादेवी नुसती रडली. कोर्टाचा विषय काढताच तिनं सासूचे पायच धरले. तिचं माहेर उदगीरचं. ते गाव जसं वर्षानुवर्षं जिल्हा होण्याची वाट बघत बसलेलं, तशाच तिच्या दोन बहिणी स्थळांची. थोरलीनं नवऱ्याला कोर्टात ओढलं म्हटल्यावर त्यांना कोण विचारणार?

मग कमलम्मांनी अजबच केलं. स्वतः कोर्टात गेल्या आणि पोटचा मुलगा आपल्याला मारतो, असं सांगून संरक्षणासाठी अर्ज दिला. सुनेचा मार त्यांनी आपल्या अंगावर लिहून घेतला. खोटंच ते, पण असं खोटं बोलायलासुद्धा छाती लागते.

सिद्धेश्वर भडकला. मठात चार लोकांसमोर गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून त्यानं शपथ घेतली, "आईला कधी बोट लावलं न्हाई!" शपथ खरीच होती. लोकांनी ती मानली. बायकोचं काय, हे मात्र एकाही शहाण्यानं विचारलं नाही. कमलम्मांचे दीर मडिवाळप्पा तर रोज उंबरा झिजवू लागले, "वहिनी, लेकराची अब्रू घालवायलात. अर्ज मागं घ्या."

कमलम्मांना दिराची भीती नव्हती. त्यांची झोप उडाली होती ती स्वतःच्या गळ्यातल्या लिंगामुळे. जबानी शपथेवर द्यायची. पोरगं खरं बोललेलं असताना आईनं खोटं बोलायचं? आणि मिळालाच हुकूम, तरी तो सुनेच्या काय कामाचा?

तारखेला त्या उभ्या राहिल्या. "अर्ज मागं घेते, बाईसाहेब." मडिवाळप्पांनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला.

"कुणी दबाव आणला का?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"दबाव लई झाला. पण त्याच्यापायी न्हाई. मी खोटं लिहून दिलं. ह्यानं मला मारलं न्हाई. मार माझ्या सुनेला बसलाय. तिला भ्या वाटतंय, म्हणून मी माझं नाव लावलं."

"खोट्या अर्जाबद्दल शिक्षा होऊ शकते, माहीत आहे?"

"द्या की. खरं बोलून मिळालेली शिक्षा सोसंल मला."

कमलम्मांनी मागे वळून सुनेकडे पाहिलंही नाही. तिला ओढून पुढे आणायचं नाही, हे त्या ठरवूनच आल्या होत्या. महादेवी सासूसाठी पाण्याची बाटली घेऊन दाराशी उभी होती. ती बाटली तिनं बाकावर ठेवली आणि पुढे आली.

"आत्याचं नाव काढा," ती सासूकडे बोट दाखवत म्हणाली. "तिथं माझं लिहा."

सिद्धेश्वरचा चेहरा उतरला. "आई, तू तरी सांग की काही!"

"सांगते की," कमलम्मा म्हणाल्या. "साक्षीला मीच हाय."