मे महिन्यात मोजलेलं अंतर

सायकलचं पुढचं चाक पाण्यात गेलं तेव्हा मला वाटलं, रात्रीच्या पावसाचं पाणी रस्त्यावर साचलं असेल. मी उतरलो, पँट वर घेतली आणि सायकल ढकलत निघालो. पाणी गुडघ्याला लागलं. म्हटलं, खोलगट भाग असेल, पुढे चढ लागेल. पाणी मांडीला लागलं तेव्हा सायकल खांद्यावर घेतली. समोर मोहटोल्याच्या शाळेची कौलं दिसत होती, त्यामुळे रस्ता चुकलो असं म्हणायला जागा नव्हती. दोन महिन्यांपूर्वी मी याच रस्त्याने गेलो होतो आणि तसं सरकारी कागदावर सहीनिशी लिहूनही दिलं होतं.

काठावरच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बायका धानाची रोवणी करत होत्या. त्यांचं गाणं थांबलं.

"अवो साहेब, मासोऱ्या धराले सायकल कायले आणली?" एकीने विचारलं.

"इथला रस्ता कुठे गेला?" मी विचारलं.

"रस्ता आहे तिथंच आहे जी. तलाव वरून आला."

बायका इतक्या हसल्या की दोघी बांधीच्या धुऱ्यावर बसल्याच. मी खांद्यावर सायकल घेऊन उभा होतो. तलावात मान खाली घालून उभं राहिलं की आपलंच तोंड दिसतं, म्हणून मी वर बघत होतो.

हे सगळं कसं झालं ते सांगतो. मी तेव्हा पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी होतो. नाव मोठं आहे. काम म्हणजे सायकलवर गावोगावच्या शाळा तपासायच्या, हजेरीपटावर सही करायची आणि गुरुजींच्या घरचा चहा घ्यायचा. गुरुजी मला साहेब म्हणत, साहेब मला गुरुजी म्हणत, आणि दोघांनाही माझा फारसा उपयोग नव्हता. मी मूळचा वऱ्हाडातला, कापसाच्या काळ्या मातीतला. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि ते तिथेच राहतं. भंडाऱ्याकडे बदली झाली, लग्नही याच जिल्ह्यातल्या मुलीशी झालं, पण तलाव काही माझ्या डोक्यात शिरले नव्हते.

त्या वर्षी वरून आदेश आला. पटसंख्या कमी असेल आणि दीड किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असेल, तर लहान शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत घालावीत. पटसंख्या म्हणजे हजेरीपटावर नावं असलेली मुलं. मोहटोल्याची शाळा एकशिक्षकी होती. एका खोलीत चार वर्ग, आणि चारही वर्गांना मिळून लांजेवार गुरुजी. पट कमीच होता. आता फक्त खैरीच्या मोठ्या शाळेपर्यंतचं अंतर मोजायचं राहिलं होतं.

ते मी मे महिन्यात मोजलं. सायकलच्या चाकाला चिंधी बांधायची आणि फेरे मोजत जायचं, ही आमची पद्धत. खैरीहून निघालो तर समोर सरळ चाकोरी होती. लोक तलावातली गाद, म्हणजे तळाचा सुपीक गाळ, बैलबंड्यांमध्ये भरून शेतात नेत होते आणि त्या बंड्यांनी तो रस्ता पाडला होता. मला तो पक्का गाडीरस्ता वाटला. मधल्या डबक्यात म्हशी बसल्या होत्या, त्यांना वळसा घातला. अंतर दीड किलोमीटरच्या चांगलं आत भरलं. गुरुजी सुटीत गावाला गेले होते, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं आणि विचारावं असं मला वाटलंही नाही. उलट शेरा लिहिला: "शाळेलगत विस्तीर्ण मैदान असूनही त्याचा खेळांसाठी उपयोग केला जात नाही."

प्रस्ताव मंजूर झाला. दिवाळीच्या सुटीनंतर मोहटोल्याची शाळा बंद. तो आदेश गुरुजींना द्यायला मी जुलैत निघालो होतो. आता तो खिशात भिजत होता.

रोवणीतली एक बाई, सुमनबाई, हात धुऊन वर आली. "चला साहेब, पाळीवरून नेऊन देतो. नाई तं तुमी बुडसान आन् नाव आमच्या गावावर येईल."

पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. आम्ही तिच्यावरून चालू लागलो आणि मला पहिल्यांदा कळलं की तो तलाव केवढा आहे. पाळ संपता संपेना. शेवटी सांडवा लागला. तलाव भरला की जादा पाणी तिथून बाहेर पडतं. ते दगडावरून फेसाळत चाललं होतं. सुमनबाईने मागे न बघता हात पुढे केला आणि मी, सरकारी अधिकारी, तो मुकाट्याने धरला.

"खैरीला जायचं तर असंच जाता?" मी विचारलं.

"दुसरं कसं जाऊ जी? उडून?"

"आणि मुलं?"

"पोरं कायले जातील? आमची शाळा आहे ना."

मग मला खिशातल्या कागदाबद्दल सांगावंच लागलं. ती थांबली नाही, रडली नाही. थोडं चालल्यावर म्हणाली, "पोट्ट्याले ठेवीन मग खैरीले बहिणीकडं. पोरगी मंजुळा राहील घरी. तिसरीत आहे ते."

"तिलाही ठेवा ना बहिणीकडे."

"एका घरी दोन पोरं कोण ठेवते साहेब? ठेवतील तं पोट्ट्यालेच ठेवतील." मग जरा वेळाने, "मागं साकोलीच्या ष्टँडवर गेलो. मले पाटी वाचता येत नाई, मंजुळाले येते. नाई तं आम्ही पवनीच्या गाडीत बसून राहिलो होतो."

शाळेत पोचलो तेव्हा मंजुळा लहान पोरांकडून पाढे म्हणून घेत होती आणि लांजेवार गुरुजी फळ्यावर चौथीचं गणित मांडत होते. मी अंतराचा घोळ सांगितला. गुरुजींनी चष्मा पुसला.

"तुमचा तो मैदानाचा शेरा वाचला होता मी," ते म्हणाले. "मले वाटलं, साहेब विनोदी हायेत."

आदेश मी परत खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी गटविकास अधिकाऱ्यांसमोर, म्हणजे माझ्या साहेबांसमोर, उभा राहिलो.

"मे महिन्यात तुम्ही लिहिता, अंतर दीड किलोमीटरच्या आत," साहेब म्हणाले. "आता म्हणता, चारच्या वर. गाव सरकलं का?"

"नाही सर. मध्ये तलाव आहे."

"मे महिन्यात नव्हता?"

"होता सर. पण पाणी नव्हतं."

"मग तुम्ही तलावातून मोजलं?"

"हो सर."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. ते हसत होते की चिडले होते, ते मला पाठीवरून कळलं नाही. मग म्हणाले, "एकाच सहीचे दोन उलट रिपोर्ट मी वर पाठवणार नाही. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी स्वतः येऊन बघतील तर आदेश फिरू शकतो. मी त्यांना विनंती करतो. पण एक ध्यानात ठेवा. पाणी आहे तोवर त्यांना आणा. कोरड्यात आले, तर तुमचा पहिला रिपोर्ट खरा ठरेल."

तेव्हापासून मी पावसाकडे वऱ्हाड्यासारखं बघणं सोडलं आणि झाडीपट्टीतल्या माणसासारखं बघू लागलो. शिक्षणाधिकाऱ्यांनी ऑगस्टमधली तारीख दिली. त्या दिवशी वैनगंगेला पूर आला आणि कारध्याच्या पुलावरचा रस्ता बंद झाला. शिक्षणाधिकारी भंडाऱ्यातच राहिले. पुढच्या तारखेला मीटिंग निघाली. त्यानंतर गणपती आले. आणि मग पाऊस गेला, तो लवकरच गेला.

धानाच्या लोंब्या बाहेर पडायची वेळ आणि वर पाणी नाही. गावाने तलावाचं तुडूम उघडायचं ठरवलं. तुडूम म्हणजे पाळीतून शेताला पाणी सोडायची मोरी. मला खबर लागली तसा मी सायकल मारत मोहटोल्याला गेलो. माणसं पाळीवर जमलेली होती. गावचे कापगते पाटील मधोमध बसले होते.

"शिक्षणाधिकारी दसऱ्यानंतर येणार आहेत," मी म्हणालो. "तोवर थांबा. तलाव खाली झाला तर शाळा जाईल."

"आन् थांबलो तं धान जाईल," पाटील म्हणाले. "साहेब, धान कोणाच्या तारखा पाहत नाई."

"थोडेच दिवस."

"थोड्या दिवसांत लोंबीचा कोंडा होते जी. मग दसऱ्यानंतर शाळेत काय उपाशी पोरं बसवू?"

मी सुमनबाईकडे पाहिलं. ती बायकांच्या घोळक्यात उभी होती. वाटलं, ही तरी माझ्या बाजूने बोलेल.

"सोडा पाणी," ती म्हणाली. "माही बांधी शेवटाले आहे. आज सोडलं तं परवा पोचते तिथं." मग माझ्याकडे वळून, "तुमी आपल्या साहेबाले लवकर आणा. त्याले काही लोंब्या नाई फुटत."

तुडूम उघडलं. मी रागावलो नाही, कारण रागवायला मुद्दाच नव्हता. पण घरी येईपर्यंत मनात शाळेला कुलूप लावून झालं होतं.

दसरा झाला आणि शिक्षणाधिकारी जीपमधून आले. उंच, शिस्तीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. खैरीच्या टोकाला उभे राहून त्यांनी तलाव पाहिला. पाणी निम्म्याहून कमी झालं होतं, मागे सरून पाळीजवळ गेलं होतं. काठाने मोठा पट्टा उघडा पडला होता, वरून छान वाळल्यासारखा. पलीकडे शाळा स्पष्ट दिसत होती. लांजेवार गुरुजी आणि गावातली माणसं आधीच इकडे येऊन उभी होती.

"तुमच्या फाईलवरचा रस्ता हाच?" त्यांनी मला विचारलं.

"हो सर. पण आता..."

"पाणी तर फारसं दिसत नाही. डाव्या अंगाने जाता येईल. चला."

"साहेब, तिकडून नोका जाऊ," पाटील म्हणाले.

"मुलं जाऊ शकतात की नाही ते बघायला आलोय मी. जाऊन बघितल्याशिवाय कसं कळणार?"

ते चालू लागले. मी मागे. माझ्यामागे कोणीच नाही, हे मला जरा उशिरा लक्षात आलं. वरची खपली चांगली टणक होती. थोडं अंतर ती साहेबांनाही पेलली आणि मलाही. मग साहेबांचा उजवा पाय घोट्यापर्यंत गेला. तो काढायला त्यांनी डाव्यावर जोर दिला, तर डावा गुडघ्यापर्यंत गेला. मी त्यांना धरायला धावलो आणि त्यांच्या शेजारी जाऊन रुतलो. गाद ही अशी असते. ती धरते तेव्हा घाई करत नाही.

काठावर बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. या वेळी हसल्या नाहीत. साहेब नवीन होते.

"गुरुजी," साहेब रुतल्या जागेवरून, आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "हा चिखल कधीपर्यंत असतो?"

"होळीपर्यंत असते साहेब. कधी त्याच्याही पुढं."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी पाणी."

"आणि वाळतो कधी?"

"एप्रिल सरता सरता. मग उन्हाळ्याची सुटी लागते."

साहेबांनी पलीकडच्या शाळेकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे शाळा बंद झाली की हा रस्ता सुरू होतो, आणि शाळा सुरू झाली की रस्ता बंद."

"हो सर," मी म्हणालो. इतकं नेमकं मला चार महिन्यांत मांडता आलं नव्हतं. तलाव रिकामा झाला म्हणून मी झोप घालवली होती. पाणी असतं तर साहेबांनी काठावरून पाहिलं असतं, एखाद्या डोंग्याची, म्हणजे छोट्या नावेची, सोय करा असा शेरा लिहिला असता आणि जीपमध्ये बसले असते.

गावकऱ्यांनी आडवे बांबू टाकून आम्हाला काढलं. साहेबांचा एक बूट आतच राहिला. मग ते अनवाणी, सगळी पाळ चालून, सांडव्यावरून सुमनबाईच्या आणि पाटलांच्या हाताला धरून मोहटोल्याला गेले. शाळेत पाय धुतले. मंजुळाने त्यांना पाणी दिलं, तेव्हा त्यांनी तिला फळ्यावरचं वाचायला सांगितलं. तिने फळ्यावरचं वाचलं, भिंतीवरचे सुविचार वाचले आणि कोणी न सांगता, सोबत पाळीवरून आलेल्या ड्रायव्हरच्या खिशातल्या विडीच्या कट्ट्यावरचं नावही वाचलं. साहेबांनी तिथल्याच टेबलावर आदेश फिरवल्याची टिपणी लिहिली. परतीच्या वाटेत म्हणाले, "मैदानाचा शेरा कुणाचा होता?" मी म्हणालो, चौकशी करतो.

शाळा राहिली. मंजुळा चौथी तिथेच झाली. पाचवीला ती पाळीवरून खैरीला जाऊ लागली, पण तोवर तिच्या मागे गावातल्या आणखी पोरी चालू लागल्या होत्या आणि सांडव्यावर गावाने लाकडी साकव टाकला होता. लांजेवार गुरुजींना पुढे जोडीला एक मास्तरही मिळाला. मी मात्र निवृत्त होईपर्यंत अंतराच्या रकान्यात किलोमीटरशेजारी महिना लिहीत राहिलो. वरून दोनदा विचारणा आली की हे कशासाठी. मी पुढच्या रकान्यातही महिना लिहिला.

साहेब रुतले त्या दिवशी घरी पोचलो तो कंबरेपर्यंत वाळलेल्या गाळात. अंगणातच बसून मी बायकोला सगळं सांगितलं. पूर, तुडूम, चिखल, साहेबांचा बूट. थोडं वाढवूनही सांगितलं, कारण शाळा वाचवली होती आणि ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. ती बादलीने माझ्या पायांवर पाणी ओतत शेवटपर्यंत ऐकत होती.

मग म्हणाली, "मे महिन्यात मी म्हणत होती, चार दिवस रजा काढा, माह्या माहेरी जाऊ. आले असते तं शाळाही आयतीच राहिली असती आन् पँटही."