चरबी काढून अर्धा किलो

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी लोणावळ्याला नोकरीत होतो. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात कुसगावचे एक म्हातारे शेतकरी हमखास भेटत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. खाटीक सुरी चालवू लागला की ते पुढे वाकून बोटानं दाखवत, "हितली चरबी काढ. तितली बी."

पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून कोलेस्टेरॉल फार वाढल्याचं त्यांना सांगितलं होतं. हे त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर मी विचारलं, "मग आबा, मटण बंद नाही केलंत?"

"केलं व्हतं की. तर घरात कुनीच खाईना. म्हातारीनं मसाला वाटायचा सोडला. नातवंडं गप बसून माझ्या ताटाकडं बघायची. दुखनं माझं, अन् उपास समद्यास्नी! मग डाक्टरलाच जाऊन इचारलं. त्यो म्हनला, चरबी काढून दोन फोडी खा, जास्त न्हाई. आता मी दोन खातो, म्हंजी बाकीची पोटभर खात्यात."

एका रविवारी खाटकानं खुशीनं मगजानं, म्हणजे हाडातल्या चरबीदार गरानं, भरलेली नळी त्यांच्या मटणावर ठेवली. आबांनी ती उचलून हातात फिरवली. "पयलं ही माझ्याच ताटात पडायची. आता घरी न्हेली तर कुनी हात न्हाई लावायचं," ते म्हणाले. मग खाटकाला "ही ह्यास्नी," असं सांगून त्यांनी ती माझ्या मटणात टाकली आणि पिशवी उचलून निघून गेले.

दुपारी ती नळी माझ्या ताटात आली. चोखताना थोडा संकोच वाटला, पण खाल्ली. चांगली होती.