रेघेच्या हातभर वर

नवा माठ भिजवला की त्या वासानं मला सांगलीचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. कृष्णा चढत होती, लाईट गेली होती, म्हणून आईचं इन्सुलिन फ्रिजमधून काढून छोट्या माठात घालून भिंतीवरच्या फळीवर ठेवलं होतं. टीव्ही, मिक्सर, गाद्या सगळं आम्ही माडीवर नेलं. मी माठाला हात लावला, तसे वडील ओरडले, "हलवू नको, फुटंल. मागच्या पुराच्या रेघंवर हातभर हाय, काय हुत न्हाई." उजाडताच जिन्यातून पाहिलं, तर फळीच पाण्याखाली गेलेली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बोट यील." बोट तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा आई हाकेला ओ देत नव्हती. आता त्या भिंतीवर नवी रेघ आहे. वडील तिच्याकडे पाठ करूनच जेवतात.