उजव्या कौलाची वाट

मालवणच्या बंदरात आगबोट धक्क्याला लागत नसे. पडावातून तिच्यापर्यंत जावं लागे. नर्सिंग शिकायला मी मुंबईला निघाले तेव्हा बाबा पडावाशी गुडघाभर पाण्यात उभे होते. आई माझ्या लहानपणीच गेलेली. मुलीला एकटीला धाडायचं की नाही, हे त्यांनी तारकर्लीच्या आमच्या देवळात विचारलं होतं. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"देवान उजवो कौल दिल्यान. आता मागे बघू नको गो," बाबा म्हणाले. मी बघितलंच.

मुंबईत मी पांढरा फ्रॉक घातला, चहाबरोबर पाव खायला शिकले, ‘माका’चं ‘मला’ झालं. पुढे काही वर्षांनी इस्पितळात पोट तपासायची नवी दुर्बीण आली. जुनी नळी ताठ, मान मागे टाकून गिळावी लागे. रोग्याचे हाल बघवत नसत. ही नवी वाकायची. आत केसाहून बारीक काचेचे असंख्य तंतू, टोकाला इवलासा दिवा. ती धुणं-पुसणं माझ्याकडे होतं. एखादा तंतू तुटला की चित्रात काळा ठिपका येई. असे ठिपके कुठे कुठे आहेत ते मला तोंडपाठ होतं.

त्याच सुमारास बाबांच्या अंगी अन्न लागेना. मी लिहिलं, लगेच या, आता पोटात डोकावून बघता येतं. त्यांनी कौल लावला. डावा. काही दिवसांनी परत लावला, परत डावा. माझा नुसता संताप होत होता. पण भांडू कोणत्या तोंडाने? मी मुंबईत होते तीच मुळी एका पाकळीच्या जोरावर.

उजवा कौल मिळाला तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. शेवटच्या बोटीने बाबा आले. सदरा अंगावर लोंबत होता. तपासणीच्या वेळी मी त्यांचा हात धरून उभी होते. डॉक्टरांनी मला भिंगाला डोळा लावू दिला. एक काळपट डाग दिसला. तंतू तुटला असेल, मी मनाला म्हटलं. डॉक्टरांनी नळी जराशी फिरवली. तुटक्या तंतूचा ठिपका जागचा हलत नाही. हा सरकला.

घसा मोकळा झाल्यावर बाबांनी विचारलं, "आत काय दिसला गो?"

"घाव आसा, बाबा. मोठो आसा." कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून मालवणी आली.

"तरीच देव जाव नको म्हणत होतो," ते म्हणाले. "माका घराक व्हर."

बोटी बंद झाल्या होत्या, आणि घाटातला एसटीचा प्रवास त्यांना सोसला नसता. समुद्र निवळायच्या आत ते माझ्याच वॉर्डात वारले. त्यांची तेवढी एक इच्छा मला पुरी करता आली नाही, याचं दुःख जात नाही.

तुम्ही गावचे कुणी भेटलात की विचारता, परत कधी येणार? देवावर माझा राग आहे, तरी वाटतं, हे देवळातच विचारायला हवं. पाषाण तिथेच आहे, गुरवही आहे. माझ्यासाठी कौल लावायला जाणारं माणूस तेवढं राहिलेलं नाही.