मातीचा पंचनामा

पातूरकडच्या डोंगरात मी वनरक्षक होते, तेव्हाची गोष्ट. त्या हिवाळ्यात आमच्या भागात सागाची तोड चालू होती. लाकडं बैलांनी ओढत रस्त्यापर्यंत आणायची आणि तिथून ट्रकमध्ये भरायची, असं ठरलेलं. बैलांचं काम बार्शीटाकळीचे एक म्हातारे चाचा करायचे. ठेकेदाराला मात्र घाई. मधेच दोन दिवस अवकाळी पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी हा माणूस मोठा ट्रॅक्टर आणि क्रेन घेऊन हजर.

मी अडवलं. "माती वली हाय. मशीन आत जाणार नाई."

"कावून अडवून राहिल्या मॅडम? माती काय पळून चालली?"

मी वाटेत एक ओंडका आडवा टाकायला लावला. दुसऱ्या दिवशी मला कामासाठी अकोल्याला जावं लागलं. दुपारी परतले तर ओंडका बाजूला लोटलेला. मशीन एका वाटेनं गेलं असतं तरी समजू शकले असते. पण एकेका ओंडक्यासाठी ते सगळ्या उतारावर फिरलं होतं. चाकोऱ्यांत माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला. सागाची कोवळी रोपं चिखलात गाडलेली. बाजूची माती चाकांनी दाबून फरशीसारखी केलेली. मी रस्त्यावर उभ्या ठेकेदाराला गाठलं.

"हे काय केलं तुमी?"

ठेकेदार हसला. "मॅडम, मोजमाप लाकडाचं असते. मातीचं कोणी मोजते काय?"

मी टेप काढला. प्रत्येक चाकोरीची लांबी, रुंदी, खोली लिहिली. चिरडलेली रोपं एकेक करून मोजली. शेवटी चाचांसमोर पंचनामा पूर्ण केला, त्यांनी अंगठा दिला. ऑफिसात साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "झाड तुटलं असतं तर गुन्हा घेतला असता. मातीसाठी रकाना कुठे आहे?"

"मग एकदा बघायला तरी चला," मी म्हणाले. आवाज चढला होता, मी तो उतरवला नाही.

साहेब आले. चाचांनी दोन डबे पाणी आणलं होतं. एक डबा त्यांनी सागाखाली, पाचोळ्यात ओतला. बघता बघता पाणी जिरलं. दुसरा चाकोरीच्या काठावरच्या दबलेल्या पट्ट्यावर ओतला. पाणी तिथंच थबकलं आणि मग उताराला लागलं, गढूळ होऊन.

"साहेब, ये जमीन अब पानी नहीं पीती," चाचा म्हणाले. "माह्या बैलायनं तीस साल इथं लाकडं ओढली. असं कधीच नाई झालं."

साहेबांनी तिथंच उभं राहून आदेश लिहिला: मशीन रस्त्यावरच थांबेल, उरलेली लाकडं बैल ओढतील, चाकोऱ्या ठेकेदार बुजवेल. त्यानं बुजवल्या म्हणजे वरवर माती लोटली. मग मी आणि चाचांनी तोडीतल्या फांद्या उताराला आडव्या रचल्या. आठ दिवस रोज संध्याकाळपर्यंत. माझ्या तळहातांना फोड आले आणि प्रत्येक फांदीगणिक मी त्या माणसाला शिव्या घातल्या. चाचांनी एकदाही थांबवलं नाही.

पावसाळ्यात वरच्या अंगाला फांद्यांनी गाळ धरला, गवत आलं. खालच्या दोन चाकोऱ्यांतून मात्र ओहळ पडला. जंगलानं किती वर्षं लावून साठवलेली माती पंधरवड्यात नाल्यात गेली.

पुढे माझी बदली झाली. चांदूर रेल्वेच्या स्टँडवर एकदा तो ठेकेदार भेटला. "चहा घेता काय मॅडम? अजून राग हाय का?"

"हाय," म्हटलं, आणि बसमध्ये चढले. उत्तर द्यायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.