कूलर कोणी बंद ठेवला?

"वर्कर फेल्ड टू मेन्टेन अ‍ॅडिक्वेट हायड्रेशन," असं वाक्य कुलकर्णी सरांनी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं आणि म्हणाले, "एवढंच मराठीत कर. उद्या सकाळच्या टॉकला वाचायचंय."

मी बहरैनमध्ये, मआमीर गावाच्या अलीकडे एका फॅब्रिकेशन यार्डात सेफ्टीची कागदपत्रं सांभाळते. पुण्यात होते तेव्हा घरकामगार बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. ते कळल्यापासून कुलकर्णी सर मला 'कॉम्रेड' म्हणतात. ते सेफ्टी मॅनेजर. माणूस वाईट नाही. भाषा वाईट आहे.

वाक्याचा अर्थ असा, की कामगाराने शरीरात पुरेसं पाणी राखलं नाही. कामगार म्हणजे दत्ताराम, देवगडचा रिगर. क्रेनला लोड बांधतो तो रिगर. आदल्या दिवशी भर उन्हात चक्कर येऊन तो खाली बसला. क्लिनिकमध्ये सलाइन लावलं, संध्याकाळी रूमवर परत आला. यार्डातला पाण्याचा कूलर आठवडाभर बंद होता. रिपोर्टमध्ये त्याच्याबद्दलही एक वाक्य होतं: 'कूलर वॉज अंडर मेन्टेनन्स.' दुरुस्ती कोणीच करत नव्हतं. नवा कूलर मागवलाय म्हणून सरांनीच ती थांबवली होती.

म्हणजे बघा, पाणी न पिणारा माणूस रिपोर्टमध्ये नावानिशी हजर. पाणी न देणारं कोणीच नाही. कूलर जणू आपणहून आजारी पडला होता.

हे नुसतं शब्दांचं भांडण नव्हतं. रिपोर्टमध्ये 'वर्कर फेल्ड' आलं की एचआर वॉर्निंग लेटर काढतं. वॉर्निंग आलं की लिव्ह पुढे ढकलली जाते. दत्तारामची लिव्ह पुढच्याच आठवड्यात होती. संध्याकाळी मी कामगारांच्या कॅम्पवर त्याची तब्येत विचारायला गेले, तर तो बॅग भरायची सोडून खाटेवर बसलेला.

"बाय, तुमचे कागद आमका कळणत नाय," तो म्हणाला. "लिव्ह कॅन्सल व्हतली काय, तेवडा सांग. चेडवाचा तोंड अजून बघूक नाय मी."

मुलगी झाली तेव्हा तो इथेच होता. तिला त्याने फक्त फोनवर पाहिलं होतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. रोज कामाआधी सगळी गँग उभ्या उभ्या जमते, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. अपघात झाला की त्याचा रिपोर्ट तिथे कामगारांच्या भाषेत मोठ्याने वाचायचा, हा नियम. ही गँग जवळपास सगळी कोकणातली, म्हणून मराठी. वाचायचं काम माझं.

सकाळी मी भाषांतराचा कागद सरांच्या हातात दिला.

"मला कशाला? तू वाच."

"वाक्य तुमचं आहे, सर. मी अर्थ बदललेला नाही."

"कॉम्रेड, सकाळी सकाळी मोर्चा नको."

"मोर्चा कुठे? दोन ओळी आहेत."

सर गँगसमोर उभे राहिले. सावली फक्त तिथेच होती म्हणून कूलरला पाठ लावून. कूलरवर लाल टेप गुंडाळलेली. त्यांनी वाचलं, "दत्तारामने पुरेसं पाणी प्यायलं नाही, म्हणून त्याला चक्कर आली."

सगळे सरांच्या खांद्यावरून मागे बघत होते. इंग्रजीत जे वाक्य टाय लावून बसलं होतं, ते मराठीत उघडं पडलं.

आमचा फोरमन अबू अली हा बहरैनी, मआमीरचाच. त्याने शेजारच्याला विचारलं, "क्या बोला?" शेजारच्याने सांगितलं. अबू अली पुढे आला, कूलरचा नळ फिरवला, खाली तळहात धरला आणि कोरडा हात सरांना दाखवला. "मफी माय, सर. पियेगा किधर से?"

'मफी माय' म्हणजे पाणी नाही. एवढं अरबी इथे पहिल्याच आठवड्यात येतं. मागून एकजण म्हणाला, "सायब, तुमी पिऊन दाखवा, मगे आमी पितो." आणि सगळ्या गँगला हसू फुटलं. दत्तारामसुद्धा हसत होता. सरांनी वळून टेप पाहिली, हातातला कागद पाहिला, आणि तेही हसायला लागले.

"पेन दे," ते मला म्हणाले.

तिथेच कूलरवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं: 'मी कूलरची दुरुस्ती थांबवली. यार्डात पिण्याचं पाणी नव्हतं. त्यामुळे दत्तारामला चक्कर आली.' मग स्वतः मोठ्याने वाचलं. अबू अली म्हणाला, "खलास. यल्ला, काम." म्हणजे संपलं, चला कामाला.

इंग्रजी रिपोर्टही तसाच बदलून गेला. सरांनी मेकॅनिक बोलावला आणि दुपारपर्यंत कूलर गार पाणी देत होता. वॉर्निंग निघालं नाही. पुढच्या आठवड्यात दत्ताराम गेला आणि देवगडहून त्याने फोटो पाठवला. त्यात मुलगी त्याची मिशी ओढतेय.

मी यातून एवढंच शिकले, की रिपोर्टमध्ये जो कुठेच दिसत नाही, तो बहुधा एसीत बसलेला असतो.

कुलकर्णी सर माझ्यापेक्षा जास्त शिकले. परवा मी त्यांना ईमेल केला, 'ट्रान्सलेशनला उशीर झाला आहे.' लगेच उत्तर आलं, 'कोणी केला, कॉम्रेड?'

मी लिहिलं, 'मी.'