होल्डवर ठेवलेला पोपट

सोन्याची अंगठी गिळल्याचा आळ मी आयुष्यात एकावरच घेतला, आणि तो पोपट होता.

साधासुधा पोपट नव्हे. निळा-पिवळा, कोंबड्याहून मोठा, शेपूट हातभर. मकाव म्हणतात त्याला. नाव बिजली.

पण आधी अंगठीचं सांगतो. अधिक महिना चालू होता, म्हणजे जावयांचा सुगीचा हंगाम. कुरुळीला सासुरवाडीत धोंड्याचं जेवण झालं आणि सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, माझ्या बोटात अंगठी घातली. सासूबाईंनी स्वतःच्या कानातल्या जुन्या कुड्या मोडून ती करवून घेतली होती. तात्या सासूबाईंकडे बघत म्हणाले, "पाव्हणं, जपा. हिच्या आईनं दिल्याल्या कुड्या व्हत्या त्या."

"तात्या, मी चाकणच्या कंपनीत माल तपासतो, क्वालिटीत आहे. माझ्या नजरेतून सुई निसटत नाही!"

(असली वाक्यं बोलताना आमची जीभ कधी अडखळत नाही, हाच आमचा मूळ दोष.)

एवढा मान घेतला, तर आपणही काही करावं, म्हणून पुढच्याच रविवारी मी सासू-सासऱ्यांना पक्षी उद्यान दाखवायला नेलं. बायको, मनीषा, हिने माझा कंपनीचा तीन पुडांचा डबा घेतला. खाली पोळ्या, मधे भाजी, वर सासूबाईंनी केलेले अनारसे. निळ्या गणवेशातल्या गार्डने गेटवर पिशवी तपासायला मागितली. मी सवयीने डबा उघडून दाखवला, बंद केला, आत गेलो.

"पाखरं बघायला तिकीट?" तात्या म्हणाले. "आमच्या उंबरावर फुकाट बसत्यात."

"तात्या, ही परदेशी आहेत."

"मग त्यांनी तिकीट काढावं की! आपुन हितलंच हाय."

इमूसमोर तात्या बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ह्यो कोंबडाच हाय. ओव्हरटाइम करून वाढल्याला." एका पायावर उभ्या असलेल्या रोहित पक्ष्याला बघून सासूबाई हळहळल्या, "बसायला तरी द्या वो कुनी त्येला!" सगळं कसं छान चाललं होतं. मग आला मोठा जाळीचा पिंजरा, जिथे आत जाऊन मकावांना हातावर दाणे भरवता येतात.

मी पुढे. हातावर सूर्यफुलाच्या बिया, मनगटावर बिजली, समोर मोबाईल धरून मनीषा. "अहो, हसा की जरा!" मी हसलो. बिजलीने एकेक बी सोलून खाल्लं आणि उडून गेली. मी हात झटकला आणि पाहिलं, तर बोट रिकामं!

मनीषाला बाजूला घेतलं.

"अंगठी गेली. त्या पोपटाने गिळली."

"काय? अहो, तात्यांना कळलं तर? आईच्या कुड्या होत्या!"

"हळू बोल! मी बघतो."

आता माणूस घाबरला की त्याला रोजचं कामच सुचतं. आमच्या कंपनीत एखाद्या मालाबद्दल संशय आला की त्याला लाल टॅग लावायचा आणि बाजूला ठेवायचं. तपासल्याशिवाय माल जागचा हलत नाही. असे दोन-चार टॅग माझ्या खिशात रविवारीसुद्धा असतात. (मनीषा म्हणते, लग्नातसुद्धा होते. होते.) मी पक्षी सांभाळणाऱ्या माणसाला गाठलं.

"ह्या पक्ष्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. खाली वर्तमानपत्र पसरा."

"का, साहेब?"

"अंगठी गिळलीय तिने."

"बिजली? साहेब, ती बियांची सालं पण थुंकते. सोनं कशाला गिळेल?"

"मी क्वालिटीत आहे. तपासल्याशिवाय मी काहीच पास करत नाही."

बिचाऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे बघून वाद घातला नाही. बिजली वेगळ्या पिंजऱ्यात गेली आणि दाराला मी टॅग अडकवला: 'होल्ड. तपासल्याशिवाय पुढे सोडू नये.' मग आईस्क्रीमची काडी हातात घेऊन मी पिंजऱ्यासमोर उकिडवा बसलो आणि वाट बघू लागलो. कशाची, ते समजून घ्या.

पहिला नमुना आला. निरंक. दुसरा आला. निरंक.

"पाव्हणं, काय चाललंय?" मागे तात्या!

"तब्येत... तब्येत बघतोय तात्या, हिची."

"आस्सं?" तात्या आनंदाने शेजारी बसले. जन्मभर कोंबड्या पाळलेला माणूस! "पातळ हाय. तिला म्हणावं, ओवा द्या." पुढच्या नमुन्यावर आमची दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

एव्हाना भोवती गर्दी जमली होती. एक बाई मुलांना सांगत होत्या, "बघा, हे शास्त्रज्ञ आहेत." कुणी मोबाईलवर शूटिंग करत होतं. मोराने तिकडे पिसारा फुलवला होता, पण त्याच्याकडे कुत्रंही फिरकेना. त्या दिवशीचं उद्यानातलं मुख्य आकर्षण मी होतो!

शेवटी पक्षी सांभाळणारा कंटाळून आला. "साहेब, कधी सोडू हिला? अंगठी काय निघायची नाही!"

तात्यांनी मान वळवली. "कंची अंगठी?"

मी रिकामं बोट पुढे केलं. सासूबाई जवळच उभ्या होत्या आणि माझी नजर नेमकी त्यांच्या कानांकडे गेली. तिथे आता बारीक खड्याची साधी कर्णफुलं होती. मला खरंच रडू येईल असं वाटलं.

तात्यांनी आधी माझ्या बोटाकडे पाहिलं, नंतर बिजलीकडे. मग म्हणाले, "जाऊ द्या, पाव्हणं. मुक्या जीवापरीस सोनं मोठं हाय व्हय? सोडा तिला."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. सासूबाई तर म्हणाल्या, "त्वांड किती उतरलंय! आधी दोन घास खा." आणि त्यांनी डब्याचं झाकण काढलं.

वरच्या अनारशावर मधोमध अंगठी!

सगळे डब्यात बघत राहिले. सासूबाई सावकाश म्हणाल्या, "म्या तर अनारशाला निस्ती खसखसच लावली व्हती."

आणि मनीषाने कपाळावर हात मारला. "अहो! कंपनीच्या गेटवर तुम्ही अंगठी काढून डब्यात टाकता ना? मशीनजवळ चालत नाही म्हणून? इथेपण निळा गार्ड दिसला, तुम्ही डबा उघडला..."

हो. गार्ड, गेट, डबा. हाताने आपली ड्यूटी चोख बजावली होती. डोकं तेवढं साप्ताहिक सुट्टीवर होतं.

तात्यांनी पिंजऱ्याच्या दारावरचा टॅग काढून घेतला आणि मला बिजलीपुढे हात जोडायला लावले. मी जोडले. तिने माझ्याकडे पाठ फिरवली आणि शेवटचा नमुना दिला.

निघताना तात्यांनी माझ्या पाठीवर मायेने थोपटलं. मला भरून आलं. गेटवर त्या निळ्या गार्डने मला थांबवलं, मागून माझ्या शर्टाच्या कॉलरकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "होल्ड. तपासल्याशिवाय पुढे सोडू नये." मग तात्यांना विचारलं, "काय करू, बाबा?"

"सोडा," तात्या म्हणाले. "लगीन लावतानाच तपासायला पायजे व्हता. आता बदलून न्हाई मिळायचा."